जहाजाचं कर्ज

आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर तर असं की माझं मलाच दुसऱ्या दिवशी लागत नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली. त्यानंतर किराण्याची यादी आणि अंगठ्याच्या जागी सही, एवढंच काय ते लिहिणं. ही वही कुणाला दाखवायची नाही. पण माझ्यामागं कुणाच्या हाती पडली तर त्यानं ऱ्हस्व-दीर्घाकडं बघू नये, मजकुराकडं बघावं.

वही आमच्या मालकांची आहे. पुढच्या पानांवर त्यांचं अक्षर आहे, आणि ते माझ्यापेक्षाही वाकडं आहे, कारण ते डाव्या हातानं लिहिलेलं आहे. मी मागनं सुरुवात केली आहे.

मालक फौजेत हवालदार होते. बर्फाचे डोंगर झाले, वाळवंट झालं, आसामची जंगलं झाली. पेन्शनीवर गावी आले. आमचं गाव कडेगावपासून जवळ, घराच्या तिन्ही बाजूंनी ऊस. ते म्हणायचे, "सगळा देश बघितला, समुद्र तेवढा ऱ्हायला." एकदा निघालो होतो आम्ही. कोयनानगरपर्यंत गेलो. घाटाच्या वळणांनी मला ओकाऱ्या सुरू झाल्या, एवढ्या की मी रस्त्याच्या कडेला बसूनच राहिले. त्यांनी गाडी परत फिरवली. खाली उतरलं की समुद्र किती लांब होता? पण परत जायचं झालंच नाही. पुढं त्यांच्या अंगावरनं वारं गेलं आणि उजवी बाजू पडली.

साताऱ्याला त्यांचा फौजेतला एक दोस्त असतो. मी त्यांना भावजी म्हणते. ते बघायला आले तेव्हा स्वतःचा जुना टॅब घेऊन आले. त्यात जहाजाचा खेळ होता. चिनी लोकांनी बनवलेला, जुन्या काळातला. शिडाचं जहाज असतं, आपण त्याचा कप्तान. एका बंदरात माल घ्यायचा, दुसऱ्या बंदरात विकायचा, मिळालेल्या नाण्यांतनं पाणी आणि खाणं भरायचं आणि पुढं जायचं. समुद्राचा नकाशा सगळा धुक्यानं झाकलेला असतो. जहाज जिथनं जाईल तेवढीच पट्टी उघडते.

"हवालदार, आता कवा बघायचा समुद्र? घ्या हितंच," भावजी म्हणाले.

मालकांना त्याचं वेडच लागलं. सोप्यातल्या खिडकीशी खाट होती. सकाळी चहा झाला की डावा हात टॅबवर. बंदरांचे भाव वहीत लिहायचे. एक दिवस मला हाक मारली आणि हसत म्हणाले, "आता आपण कर्जबाजारी झालो बग. मोठं जहाज घेतलं, मलाक्का बंदरातल्या पेढीवरनं कर्ज काढून."

मी म्हटलं, "आवं, खेळातबी असलं वंगाळ बोलू नका."

सहा महिन्यांनी ते गेले. दुपारी जेवून पडले होते. मी भांडी घासून आत आले तर टॅब पोटावर होता, त्यात समुद्र हलत होता, आणि त्यांचं पोट हलत नव्हतं.

दहाव्याला सगळे येरळा नदीच्या काठावर जमले. पिंड ठेवला. समोरच्या बाभळीवर कावळे होते, पण एक खाली येईना. थोरले दीर पुढं झाले. आमच्या लेकीचं सगळं बघतो म्हणाले. मालकांची म्हैस विकत नाही म्हणाले. वहिनीला अंतर देत नाही म्हणाले. लेक रडत रडत बोलली. जावई बोलले. उन्हं डोक्यावर आली, भटजी दर्भाच्या कावळ्याकडं बघायला लागले. कावळे नुसते माना वाकड्या करून बसलेले.

तेव्हा भावजी पुढं आले. पाय जुळवून ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "हवालदारसाब, जहाजाचं कर्ज ऱ्हायलंय, ठाऊक हाय मला. मी फेडतो. जावा आता."

कावळे हलले नाहीत.

त्यांनी मागं वळून बायकांच्या घोळक्यात माझ्याकडं बघितलं. मग परत पिंडाकडं तोंड केलं. "बरं. वहिनी फेडतील."

कावळा उतरला. एकच. पिंडाला चोच लावली आणि उडाला.

एवढ्या माणसांत माझं नाव कुणी कधी घेतलं नव्हतं. मी पदर डोळ्यांवर ओढला. आजूबाजूला कुजबूज सुरू झाली. थोरल्या दिरांचं तोंड उतरलं होतं. घरी येईपर्यंत त्यांना दम निघेना. "कसलं जहाज? कुठली ब्यांक? जमिनीवर बोजा तर चढवला न्हाई ना त्यानं?"

भावजींनी समजावलं की खेळातलं आहे, खरं नाही. दीर कपाळाला हात लावून म्हणाले, "आरं गड्या, जीव घेतलास की! जमीन इकायला लागतीय म्हणून मी हिशोब घालत बसलो हुतो." सगळे हसले. दहाव्याच्या घरात असं हसू मी पहिल्यांदा ऐकलं. पण मी आत चुलीपाशी बसून होते आणि मला हसू आलं नाही. कावळा खेळाला उतरला नव्हता. माझ्या नावाला उतरला होता.

पुढं महिनाभर मी टॅबला हात लावला नाही. भिंतीतल्या देवळीत ठेवला होता. मग एका दुपारी भावजी साताऱ्याहून एसटीनं आले, सोप्यात बसले आणि म्हणाले, "आणा वहिनी. चित्रं हायत नुसती, चावत न्हाईत."

टॅब चार्ज केला, उघडला. जहाज भर समुद्रात उभं होतं. मागच्या बाजूला एक कंदील पेटलेला, आणि कप्तान आमच्याकडं पाठ करून कठड्याशी उभा. खेळ बंद केला की तिथला समुद्रही थांबतो, हे भावजींनी सांगितलं. म्हणजे मालक गेले त्या दुपारपासून जहाज तिथंच थांबलं होतं. पाणी चार दिवसांचं उरलेलं. कर्जाची मुदत एक्केचाळीस दिवस, खेळातले. मुदतीत फेडलं नाही तर पेढी जहाज ओढून नेते आणि खलाशी वाऱ्यावर.

"खलाशी कोण?" मी विचारलं.

भावजींनी काचेवरची एक पाटी दाबली, नावांची यादी आली. खलाशांना आपण नावं देऊ शकतो. मालकांनी सगळ्यांना दिली होती. भावजी मोठ्यानं वाचायला लागले. दोन नावं वाचली आणि आवाज खाली आला. मग नुसतं बोट फिरत राहिलं.

"हा बर्फात गेला," ते म्हणाले. "हाबी तिथंच. ह्याची गाडी दरीत गेली, मीच उतरलो हुतो दोर लावून. हा... हा ताप येऊन."

मी चहा ठेवला. त्यांनी कप उचलला नाही.

"वहिनी, तेवीस नावं हायत. ह्यातला एकबी जित्ता न्हाई."

बाहेर ऊस सळसळत होता. भावजी हसले आणि कप बाजूला सारला. "माझं नाव न्हाई ठेवलं गड्यानं. इतकी वर्षं एका ताटात जेवलो." मग यादीच्या शेवटाकडं बघत बसले. जहाजावर चोवीस माणसांची जागा होती. चोविसावी ओळ रिकामी होती.

"ह्या जागेवर कुणाला घिऊ नका," ते म्हणाले. "मानूस कमी असला की जहाज हळू जातं. जाऊ दे हळू."

पाट्या इंग्रजीत होत्या, म्हणून कुठली कशाची ते त्यांनी कागदावर मराठीत लिहून दिलं. आम्ही दोघांनी मिळून जहाज कालिकतला आणलं. वारा उलटा होता. पाणी संपलं त्याच दिवशी धक्का दिसला. भावजी संध्याकाळच्या गाडीनं गेले. जाताना म्हणाले, "म्होरचं तुमी. मी केलं तर चालणार न्हाई. माझं ऐकून कावळा आला न्हाई, बगितलं न्हवं?"

मग मी आणि जहाज.

दुपारी भाकरी झाली, म्हशीचं पाणी झालं की मी खिडकीशी त्यांच्या खाटेवर बसायची. खेळाचा आवाज मी पहिल्या दिवशीच बंद केला होता. तरी पाणी कापत गेल्यासारखा आवाज यायचा, शीड भरल्यासारखा. घराच्या तिन्ही बाजूंनी ऊस, वारा सुटला की तसाच आवाज होतो. मी मनाला तसं सांगितलं आणि ते पटलंही.

खेळात प्रत्येक बंदरात व्यापारी असतो. त्याचं चित्र समोर येतं, तो भाव सांगतो, आपण आपला भाव दाबायचा. मी जन्मात भाव केलेला नाही. बाजार मालकच करायचे, ते नसले की दुकानदार म्हणेल ती किंमत मी देऊन यायची. पहिल्यांदा तो दाढीवाला समोर आला तेव्हा मी पदर सावरला. त्यानं जो भाव सांगितला त्यावर होय म्हणून टाकलं. चित्रातल्या माणसालाही माझा लाजरेपणा कळला असणार.

आणि माल घेतला तो साखरेचा. चित्र ओळखीचं होतं आणि आपल्याकडं तेच कळतं सगळ्यांना. ज्याच्याकडं चार वाफे पाणी आलं त्यानं ऊसच लावायचा, दुसरा विचारच नाही. मीही तेच केलं. होती नव्हती ती नाणी साखरेत घातली, जहाज काठोकाठ भरलं. सहा दिवस लागले पुढच्या बंदराला. तिथं पोचले तर साखरेचा भाव पार तळाला. त्यांच्याकडंच साखर पिकत होती. मालकांच्या वहीत ते लिहिलेलं होतं, डाव्या हाताच्या अक्षरात, आणि त्याखाली रेघ मारलेली होती. मी वही उघडलीच नव्हती. अर्धी नाणी गेली.

त्या दिवशी मी जेवले नाही. तेवीस माणसं आठवत होती. पेढीनं जहाज ओढून नेलं तर ती कुठं जाणार? आणि मालकांचा पाय कुठं अडकून राहणार? माझ्यामुळं एकदा गाडी घाटातनं माघारी फिरली होतीच.

मग वही पहिल्या पानापासून वाचली. चार दुपारी लागल्या. आणि वाचता वाचता माझं माहेर आठवलं. माहेर सांगलीचं. आई हळदीच्या वखारीत निवडायला जायची. चौथीनंतर मीही जायला लागले. हळकुंडं एकीकडं, गड्डे एकीकडं. संध्याकाळी हात कोपरापर्यंत पिवळे. तिथले जैन शेठजी आम्हा पोरींशी कधी बोलायचे नाहीत, पण आम्ही ऐकायचो. सगळी पोती एकदम दाखवू नका म्हणून ते हमालांना ओरडायचे. दहा पोती पुढं, बाकीची मागं झाकून. सौदा व्हायचा तो रुमालाखाली. दोघांचे हात एका रुमालाखाली, बोटं दाबून भाव सांगायचा. तोंडानं एक शब्द नाही. मला ते लय आवडायचं, कारण त्यात बोलायला लागत नव्हतं.

तसंच करायचं ठरवलं. मिरी घेतली, थोडं कापड घेतलं, आणि प्रत्येक बंदरात थोडं थोडंच विकलं. खिडकीतनं ऊन टॅबवर पडून भाव दिसत नसे, म्हणून मी पदर टॅबवर ओढून घेतला आणि हात पदराखाली घातला. आता तो व्यापारी आणि मी, एका पदराखाली. त्यानं सांगितला त्याच्यापेक्षा मी वरचा भाव दाबला. तो नाही म्हणाला. मी तोच भाव परत दाबला. माझ्या बोटाला खालनं कुणीतरी हळूच दाबलं, आणि सौदा झाला.

मी हात काढून घेतला. परत घातला. दुसऱ्या सौद्याला तसंच झालं.

फोनवर भावजींना सांगितलं. ते म्हणाले, "त्याला कंपन म्हणत्यात वहिनी. सौदा झाला की टॅब थरथरतो. भिऊ नका." मला हायसं वाटलं. पुढं रविवारी लेक रहिमतपूरहून आली, तिला म्हटलं ते कंपन बंद कर बाई, दचकायला होतं. तिनं टॅब हातात घेतला, बघितलं.

"आई, बंदच आहे की हे. बाबांनीच केलं असेल, त्यांच्या डाव्या हाताला मुंग्या यायच्या ना."

मी बरं म्हटलं. तिला काही सांगितलं नाही. त्या आठवड्यात मी टॅब उघडला नाही. मग उघडला, कारण मुदत तशीच उभी होती. आणि खरं लिहायचं तर, त्या बोटाची मला भीती वाटत होती तशी वाटही बघत होते.

आणखी एक गोष्ट होती. प्रत्येक बंदरात धक्क्यावर एक माणूस उभा असे. काळा अंगरखा, डोक्याला फडकं. जहाज लागलं की पुढं यायचा आणि मला तुमच्या जहाजावर घ्या म्हणायचा. भावजींच्या कागदावर ह्या पाटीपुढं 'नको' असं दोनदा लिहिलेलं होतं. मी नको दाबायची. पुढच्या बंदरात परत तोच. तेच फडकं, तोच चेहरा. लेक म्हणाली, खेळ बनवणारे एकच चित्र सगळीकडं वापरतात, सोपं पडतं त्यांना. असेल. पण सहाव्या बंदरात मला वाटलं तो आता मागच्यापेक्षा जवळ उभा आहे.

मधल्या दिवसांत ऊसतोड आली. कारखान्याची टोळी चार दिवस होती. घराच्या तिन्ही बाजू मोकळ्या झाल्या. एवढं लांबवर दिसायला लागलं की डोळ्यांना सवय होईना. नुसतं पाचट आणि माती. पाचव्या दिवशी दुपारी मी खाटेवर बसले, जहाज सोडलं, आणि आवाज आला. पाणी कापत गेल्यासारखा. शीड भरल्यासारखा. मी उठून बाहेर गेले. वारा नव्हता. पाचटाचं पानसुद्धा हलत नव्हतं. आत आले, आवाज तसाच होता. मी टॅब कानाशी धरला. त्यातनं येत नव्हता. घरभर होता.

मी परत बसले. करणार काय? जहाज भर समुद्रात होतं, सोडून कुठं जायचं?

नाणी जमत गेली. वहीत मालकांनी एक बंदर लिहिलं होतं, तिथं मिरी दुप्पट जाते. त्या बाजूचा नकाशा अजून धुक्यात होता. भाव त्यांनी कुठनं काढला कुणास ठाऊक. मी गेले. धुकं थोडं थोडं मागं सरत होतं आणि कप्तान तसाच पाठमोरा. दोन दिवस नुसतं पांढरं. मग बंदर आलं आणि मिरी दुप्पट गेली. पदराखाली बोट दाबलं गेलं तेव्हा मी पहिल्यांदा बोट काढून घेतलं नाही. तिथनं मलाक्काकडं तोंड केलं. मुदतीतले पाच दिवस उरले होते आणि वाट तीन दिवसांची.

मलाक्काला पोचले ती दुपार चांगली आठवते. म्हैस ओरडत होती, मी लक्ष दिलं नाही. जहाज धक्क्याला लागलं. मी नको दाबायला बोट तयार ठेवलं.

तो माणूस नव्हता.

धक्का मोकळा होता. मी यादी उघडली. तेवीस नावं. चोविसावी ओळ रिकामी. तरी मनात आलं, त्या जागेसाठी तो आता भावजींना आणायला गेला. मी फोन घेतला आणि भावजींना लावला. वाजत राहिला. कुणी उचलेना. परत लावला. परत वाजत राहिला. तिसऱ्यांदा शेवटच्या घंटीला उचलला.

"आवं वहिनी, काय झालं? आंघोळीला गेलो हुतो, साबण डोळ्यांत गेला माझ्या!"

मला रडूच आलं. "काही न्हाई. तुमी हाय ना?"

"हाय की! कुठं जातोय? बायको सारखी हेच विचारती, तुमीबी तेच लावलं." मग त्यांना काहीतरी उमगलं असावं. आवाज बदलला. "पोचला काय मलाक्काला?"

"व्हय."

"फेडलं?"

"न्हाई अजून. आदी तुमाला फोन केला."

 मग म्हणाले, "फेडा. मी हाय फोनवर."

पेढीत गेले. पेढीवाला म्हातारा, चष्मा लावलेला, पुढं मोठी वही. कर्ज आणि व्याज मिळून आकडा आला. त्याखाली दोन पाट्या. भावजींनी सांगितलं, डावीकडची थोडं फेडायची, उजवीकडची सगळं फेडायची. सगळं फेडलं तर माझ्याकडं छत्तीस नाणी उरत होती. छत्तीस नाण्यांत पाण्याचं एक पिंपसुद्धा येत नाही. जहाज बंदरातनं हलणार नाही, आणि ती तेवीस माणसंही.

"ऱ्हाऊ दे की बंदरात," भावजी म्हणाले. "लय दमली असतील."

मी पदर टॅबवर ओढला, हात आत घातला आणि उजवीकडची पाटी दाबली. ह्या वेळी बोटाला काही लागलं नाही. नुसती काच. खोलीतला आवाज थांबला होता. तो कधी थांबला ते मला कळलं नाही.

"काय दिसतंय?" भावजींनी विचारलं.

इंग्रजी मला वाचता येत नाही, पण आकडे येतात. मी पदर बाजूला करून बघितलं. कर्जापुढं शून्य होतं.